काचेच्या पेटीआधी हात धुवायचं बेसिन बघा : जळगावच्या एका एनआयसीयूतले आमचे ३८ दिवस

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, ना याचं ना आधीच्याचं, कारण मला कोणाशी भांडण उकरून काढायचं नाहीये आणि स्टाफ बदलला की हॉस्पिटलही बदलतं. ज्या घरात आज सातव्या-आठव्या महिन्यातच बाळ झालंय आणि घरचे "कुठे न्यायचं, कुठे न्यायचं" करत फोन फिरवताहेत, त्यांना एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, दारात उभं राहून काय बघायचं एवढं कळावं म्हणून लिहिते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस, बोरीच्या पात्रात दुकानं लागलेली, आणि मला तिसावा आठवडा चालू असताना बीपी एकदम १७० वर. पायाला सूज आधीपासून होती पण वैशाखाचं ऊन आहे, येतेच सूज, असं सगळेच म्हणत होते. बाळाच्या फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन मला दिलं, दुसऱ्या दिवशी सिझर, मुलगा झाला, वजन १,१८० ग्रॅम. दीड किलोच्या आतलं बाळ म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं, मी फक्त बघितलं की त्याची मांडी माझ्या अंगठ्याएवढी आहे.

आधीचं हॉस्पिटल दिसायला मोठं. गेटपासून एसी. बाळाला नाकातून प्रेशरने हवा द्यायचं मशीन लावलं, नाळेतून लाइन, म्हणजे रक्तात औषध-सलाइन सोडायची बारीक नळी, टाकली, आणि रोज सकाळी आमच्या ह्यांना आत बोलावून सांगायचे की आज हे लावलं, आज ते चालू केलं. आम्हाला वाटायचं केवढं करताहेत लेकरासाठी. पाच दिवस दूध बंद ठेवलं. मी विचारलं तर म्हणे पोट कच्चं आहे, सलाइनमधून सगळं जातंय, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आणि मी तिकडे वॉर्डात दूध काढून, ते पहिलं पिवळं घट्ट चिकाचं दूध, बेसिनमध्ये ओतत होते. अजून ते आठवलं की पोटात कालवतं. अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून चालू, कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का बघायच्या तपासणीत, काही निघालं नाही असं ह्यांना सांगितलं तरी पुढे चालूच. काचेतून बघितलं तर एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब द्यायच्या बेडवर, दोन-दोन बाळं आणि रात्री आठ-नऊ बाळांमागे एक सिस्टर. ती बाई वाईट नव्हती हो, ती नुसती पळत होती, एका बाळाचं नाक साफ केलं की तशीच दुसऱ्याचं सलाइन बघायला. हात धुवायला तिला वेळच नव्हता आणि बेसिन त्या हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

नवव्या दिवशी पहाटे बोलावलं. बाळ श्वास घ्यायचं विसरत होतं, पोट फुगून चकचकीत झालेलं, अंग गार, आणि कातडीवर संगमरवरावर असतात तशा जाळीदार रेषा. ओरडायचं, हातपाय झाडायचं सगळं बंद. "इन्फेक्शन वाटतंय, रक्तात गेलंय" एवढंच सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही जळगावच्या रस्त्याला होतो. ॲम्ब्युलन्समध्ये सासूबाई एकच म्हणत होत्या, "बठ्ठं चांगलं व्हई माय, बठ्ठं चांगलं व्हई." म्हणजे सगळं चांगलं होईल.

आता जळगावच्या हॉस्पिटलचं लिहिते.

बिल्डिंग साधी आहे, बाहेरून बघून तुम्ही पुढे निघून जाल. पण एनआयसीयूच्या दारातच स्टीलचं मोठं बेसिन, कोपराने उघडायचा लांब दांड्याचा नळ, वर भिंतीवर घड्याळ. माझ्या हातात डोहाळजेवणाचा हिरवा चुडा होता. सिस्टर म्हणाली, "ताई, बांगड्या काढाव्या लागतील, अंगठी पण, घड्याळ पण. कोपरापासून खाली काही नको." सासूबाईंचा चेहरा उतरला, ओल्या बाळंतिणीचा हात रिकामा करायचा म्हणजे त्यांना सहन होईना. सिस्टर चिडली नाही. तिने स्वतःचे दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "आजी, माझंही लग्न झालंय, माझ्या बांगड्या लॉकरमध्ये आहेत. बांगडीखाली साबण पोचत नाही, तिथे जंतू बसतात आणि तुमच्या नातवाला आत्ता तेच नकोय." सासूबाईंनी एकेक बांगडी स्वतः उतरवली, पदरात बांधली. मग सिस्टरने मला हात धुवायला शिकवलं, मी बी.एस्सी. झालेली बाई, मला वाटायचं मला येतं. अंगठ्याचं बूड, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, आणि घड्याळात बघून ४० ते ६० सेकंद. तो वेळ किती मोठा असतो ते धुवून बघा. आत गेल्यावर प्रत्येक बाळाच्या पेटीला सॅनिटायझरची बाटली अडकवलेली, बाळाला हात लावायच्या आधी एकदा, लावल्यावर एकदा. डॉक्टरसुद्धा. एकदा राउंडला मोठे सर बोलता बोलता तसेच पुढच्या बाळाकडे वळले तर ज्युनिअर सिस्टरने नुसती बाटली पुढे केली, ते "सॉरी" म्हणाले आणि हात चोळले. माझ्याकडून पूर्ण एक स्टार त्या मुलीला आहे, कारण ज्या ठिकाणी लहान माणूस मोठ्याला टोकू शकतो तिथे लेकरू ठेवायला हिंमत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना खुर्चीवर बसवून वीस मिनिटं समजावलं. मी त्यांना सरळच विचारलं, आधीच्या लोकांनी चूक केली का? ते म्हणाले, "ताई, मी तिथे नव्हतो, त्यामुळे मी तसं म्हणणार नाही. पण असं इन्फेक्शन कशाने होतं ते सांगतो." आणि कागद घेतला. आईकडून बाळाला जंतूंशी लढायच्या ज्या तयार अँटिबॉडी मिळतात त्यातल्या बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून जातात, आपलं बाळ त्या मिळायच्या आधीच बाहेर आलं. कातडी इतकी पातळ की चिकटपट्टी काढली तरी सोलते, म्हणजे भिंतच कच्ची. जितके आठवडे कमी आणि जितकं वजन कमी तितका धोका जास्त, हे सगळ्यात मोठं कारण आणि ते कोणाच्याच हातात नसतं. पण त्याच्यावर आपण जे जे चढवतो ते हातात असतं. नाळेतली किंवा हातातली सेंट्रल लाइन म्हणजे बाहेरून थेट रक्तात उघडणारा रस्ता, ती जितके दिवस राहील तितका धोका चढत जातो. त्या लाइनमधून जे दूधासारखं पांढरं फॅटचं सलाइन देतात ते जंतूंनाही आवडतं. श्वासनळीत ट्यूब असेल तर अजून एक रस्ता. तोंडाने दूध उशिरा सुरू झालं तर आतडं उपाशी राहतं, त्याचं अस्तर कमजोर होतं आणि आतले जंतू रक्तात शिरतात. आणि ॲसिडिटी कमी करायची औषधं लहान बाळाला उगाच दिली तर पोटातलं जे थोडंफार ॲसिड जंतू मारतं तेही जातं.

अँटिबायोटिकचं ऐकून मला धक्काच बसला. मला वाटायचं जास्त दिवस दिलं म्हणजे जास्त सेफ. सर म्हणाले, कल्चर निगेटिव्ह असताना पहिलं अँटिबायोटिक पाच-पाच दिवसांच्या वर ओढलं की नंतर आतडं सडायचा आजार, उशिराचं इन्फेक्शन आणि मृत्यू, तिन्हींचा धोका वाढलेला दिसलाय. चांगले जंतू मरतात आणि जे औषधाला दाद देत नाहीत तेवढेच वॉर्डात उरतात.

आमच्या बाळाच्या रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, तोही साध्या औषधांना न जुमानणारा. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला, आता झोपेतही विसरणार नाही. माझी मावसबहीण बाहेरगावी नर्स आहे, तिने सांगितलं की दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांमध्ये २०११ ते २०१४ मध्ये ॲडमिट झालेल्या १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला होता, त्यात १०० मागे १४ बाळांना सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, झाला आणि ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई. कोलाय हेच जंतू पुढे होते. आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश केसेस पहिल्या ७२ तासांतल्याच. पुस्तकात ७२ तासांच्या आतलं ते आईकडून आलेलं आणि नंतरचं ते हॉस्पिटलमधलं असं मानतात, पण आपल्याकडे डिलिव्हरी रूममधूनच हॉस्पिटलचे जंतू चिकटत असावेत असं ती म्हणाली. म्हणजे नाळ कापणारे हात, पुसायचं फडकं, सक्शनची नळी, तिथूनच बघायला पाहिजे.

आता मला सगळ्यात जास्त काय पटलं ते. आधीच्या ठिकाणी रोज सांगायचे आज काय लावलं, इथे रोज सांगायचे आज काय काढलं. राउंडला प्रत्येक बाळापाशी सिस्टर मोठ्याने विचारायची, "लाइन आज लागतेच का?" आमच्या बाळाच्या लाइनच्या पट्टीवर काळ्या मार्करने तारीख लिहिलेली आणि पेटीला चिकटवलेल्या कागदावर रोज एक रेघ. नाळेची जुनी लाइन आल्या दिवशीच काढली, हातात बारीक नवी टाकली तेव्हा दोघी जणी ऑपरेशनसारखा गाऊन, टोपी, मास्क, मोठी निर्जंतुक चादर घेऊन उभ्या, एक टाकतेय आणि दुसरी हातात कागद धरून एकेक स्टेप वाचतेय. नंतर औषध द्यायचं झालं की लाइनच्या तोंडाला, जिथे सिरिंज जोडतात ना तिथे, स्पिरिटच्या तुकड्याने घासायचं, नुसतं पुसायचं नाही, मनात पंधरा मोजत पिळून घासायचं आणि सुकू द्यायचं. रात्री दोन वाजता, कोणी बघत नसताना, मी काचेमागून त्या सिस्टरचे ओठ हलताना बघितले. एक, दोन, तीन... पंधरापर्यंत. मला तेव्हा रडू आलं.

अकराव्या रेघेला लाइन निघाली. सरांनी येऊन सांगितलं, "आज दूध पुरेसं होतंय, लाइन काढली." पेढे वाटावे असं वाटलं.

दुधाचं तर विचारूच नका. पोटाची सूज उतरली तशी पहिल्यांदा दर तीन तासांनी एक एमएल, फक्त एक, नळीने. त्याआधी मला सांगितलं की कापसाच्या काडीने गालाच्या आतून स्वतःचं दूध लावायचं. मला वाटलं एका थेंबाने काय होणार, पण आईच्या दुधात जंतूंशी लढायच्या पेशी, अँटिबॉडी सगळं असतं आणि पावडरच्या दुधात ते नसतं, म्हणून ते म्हणायचे की तुम्ही दिलेली वाटी हेच पहिलं औषध. मी जळगावातच पिंप्राळ्यात नणंदेकडे राहत होते. सकाळी तिच्याकडे काढलेलं दूध उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीत, बर्फाच्या डब्यात ठेवून, रिक्षाने आणायचं, वर तारीख-वेळेची चिठ्ठी. बाहेर ४४ डिग्री, पाचच मिनिटं रिक्षा थांबली तरी जीव कासावीस. फ्रीजमधलं २४ तासांच्या पुढचं घेत नव्हते, एकदा माझी चिठ्ठीवर वेळ लिहायची राहिली तर ती पूर्ण वाटी परत दिली. तेव्हा राग आला, नंतर कळलं.

अजून बारीकसारीक. प्रत्येक बाळाचा स्टेथोस्कोप वेगळा, त्याच्याच पेटीला लटकवलेला. थर्मामीटर वेगळं. एक सलाइनची बाटली फोडून चार बाळांना सिरिंज भरायची हे इथे चालत नाही. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी, पेटीतलं पाणी रोज बदलायचं आणि ते नळाचं नाही, निर्जंतुक, कारण असल्या ओल्या जागी जंतू पोसतात. दोन पेट्यांमध्ये माणूस मोकळा फिरेल एवढी जागा. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला दिवसा स्वतंत्र सिस्टर. बेड भरले की पुढच्या बाळाला "जागा नाही" असं स्पष्ट सांगून दुसरीकडे फोन लावून देतात, आमच्या समोर एका कुटुंबाला असं सांगितलं, ते चिडले, मलाही वाईट वाटलं, पण कोंबून भरल्यावर काय होतं ते आम्ही बघून आलो होतो.

कल्चरसाठी रक्त औषध बदलायच्या आधीच घेतलं आणि एक एमएल घेतलं. मला ते केवढंतरी वाटलं त्या जिवातून, पण कमी रक्त घेतलं तर जंतू सापडतच नाही म्हणे. पाठीतलं पाणीही तपासलं, मेंदूपर्यंत गेलं नव्हतं, देवाची कृपा. प्लेटलेट दोनदा चढवल्या. चौदा दिवस इंजेक्शन, आणि चौदा झाल्यावर बंद, एक दिवस जास्त नाही.

नंतर कांगारू. बाळ स्थिर झाल्यावर मला आरामखुर्चीत बसवून त्याला नुसत्या लंगोट-टोपीवर माझ्या छातीशी बांधलं. सासूबाई म्हणाल्या काचेच्या पेटीतून काढून उघड्यावर? इन्फेक्शन नाही होणार? सिस्टरने सांगितलं की आईच्या अंगावरचे जंतू बाळाच्या अंगावर बसले की हॉस्पिटलच्या जंतूंना जागा राहत नाही. २०२१ मध्ये पाच देशांत, त्यात आपला भारतही होता, ३,२११ कमी वजनाच्या बाळांवर बघितलं, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि इन्फेक्शनही कमी. माझं लेकरू तिथे चढल्यावर त्याचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चालायला लागला, मॉनिटरचा आवाज बंद झाला. सुरुवातीला एक तास, शेवटी शेवटी दिवसाचे आठ-नऊ तास. हे पण बसायचे, शर्ट काढून, आधी लाजले, मग उठायला तयार नव्हते.

घरच्यांचंही लिहिते, कारण सगळं खापर हॉस्पिटलवर फोडून चालत नाही. आमच्याकडून काळा दोरा आला होता मनगटाला बांधायला, गावाहून जन्मघुटी आली, मामांनी मध आणला. सिस्टरने दोरा पेटीच्या बाहेरच्या बाजूला अडकवून दिला, "नजर इथूनही लागणार नाही आजी", आणि घुटी-मध एकदम नाही म्हणाली. तिचं ऐका. सर्दी असलेला काका कितीही लाडाचा असो, त्याला बाहेरच बसवा.

खर्च मोठा आहे, लपवत नाही, आमचा कापसाचा सगळा पैसा गेला आणि वर उसने घेतले. काही भाग योजनेत बसला, पण कागद सुरुवातीलाच द्यावे लागतात, रेशनकार्ड आणि आधार सोबतच ठेवा. ज्यांना झेपत नाही त्यांनी सरकारी एसएनसीयू, म्हणजे सरकारी दवाखान्यातला आजारी नवजात बाळांचा कक्ष, आधी विचारा, आजारी नवजात बाळाचा उपचार सरकारीत २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, औषधं, तपासण्या, रक्त, नेणं-आणणं सगळं. तिथेही याच गोष्टी बघा, बेसिन कुठे आहे, नळाला पाणी आहे का, एका वॉर्मरवर किती बाळं, आईला आत घेतात का, दूध कधी सुरू करणार. आणि रोज विचारा, लाइन आज लागतेच का? विचारलं म्हणून कोणी बाळाला कमी बघत नाही. मी आधीच्या ठिकाणी नऊ दिवस गप्प बसले.

सत्तेचाळीसाव्या दिवशी डिस्चार्ज, वजन १,७९० ग्रॅम. आता सात महिन्यांचा आहे, पालथा पडतो, कान आणि डोळे तपासून घेतले, चांगले आहेत. सासूबाईंनी चुडा परत हातात भरला तेव्हा दोन बांगड्या घट्ट झाल्या होत्या.

अर्धा स्टार कापला तो बाहेरच्या शेडसाठी. एनआयसीयूच्या आया दुपारी पत्र्याखाली बसतात, टाके दुखत असतात, पंखा एकच आणि दूध काढायला आडोसा म्हणून एक जुनी चादर दोरीवर टाकलेली. आत एवढी काळजी घेणाऱ्यांनी बाहेर एक बंद खोली, एक कूलर आणि एक बेसिन आयांसाठी करायला पाहिजे. मी तक्रारवहीत लिहून आले आहे, तुम्ही गेलात तर तुम्हीही लिहा, चैत्राच्या आत झालं तर पुढच्या उन्हाळ्यातल्या बायांना तरी बसता येईल.